काचेतला दर्या आणि एक मोलकरीण

माझा भाचा तेरा वर्षं शारजात काढून गेल्या वर्षी रत्नागिरीला परतला. घर बांधलं आणि दिवाणखान्यात सहा फुटांचा फिश टँक लावायचं ठरवलं. साधा नव्हे, खाऱ्या पाण्याचा, आत जिवंत प्रवाळ असलेला. आपा वैतागली. म्हणाली, ‘‘दर्या उशाशी आहे, तो बघायला काय पैसे पडतात?’’ भाच्याने मला फोन केला, ‘‘मामू, तुम्ही इतिहासवाले. हे खूळ पहिल्यांदा कुणी काढलं ते अम्मीला सांगा.’’

सांगायला बसलो आणि माझाच अभ्यास झाला.

पोवळं आपल्याकडे दागिन्यातलं. उर्दूत मरजान. आमच्या घरांत मुलींचं नावही मरजान असतं. पण हा दगड नसून प्राण्यांनी बांधलेलं घर आहे, हे युरोपातल्या विद्वानांच्या गळी उतरायला अठरावं शतक उजाडलं. तो प्राणी पाण्याबाहेर काढला की मरतो, त्यामुळे त्याचं जगणं बघायचं तर पाणीच घरात आणायला हवं. इथून या गोष्टीची सुरुवात होते, आणि ती दोन बायकांनी केली.

पहिली जान व्हिलप्रो-पॉवर. फ्रेंच बाई, राहायला सिसिलीत, मेसिना बंदरात. आर्गोनॉट नावाचा एक अष्टपाद स्वतःचं कवच स्वतः तयार करतो की दुसऱ्याचं बळकावतो, असा तेव्हा वाद होता. तिने 1832 साली काचेच्या टाक्या करवून त्यात ते जिवंत ठेवले आणि कवच त्याचं स्वतःचंच असतं हे दाखवून दिलं.

दुसरी ॲना थिन, लंडनची. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या पदावरचा पाद्री. 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावर तिला जिवंत प्रवाळ मिळाले. प्रवासात आदळू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने स्पंजला टाचले आणि दगडी बरणीतून लंडनला आणले. आता रोज ताजं समुद्राचं पाणी कुठून आणणार? मग उघड्या खिडकीसमोर तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. हे काम घरातली एक लहान मोलकरीण करायची. तिला त्यात गंमत वाटायची, असं बाईसाहेबांनी लिहून ठेवलंय. मोलकरणीला विचारलं होतं का, कुणास ठाऊक! पुढे पाण्यात समुद्री शेवाळ सोडलं, आणि ते प्रवाळ जवळपास तीन वर्षं जगले. आज भाचा ज्याला वेव्ह पंप म्हणतो, त्याचं काम ती पोर हाताने करत होती. तिचं नाव मला कुठे सापडलं नाही.

पुढचं श्रेय बाप्यांना मिळालं. रॉबर्ट वॉरिंग्टनने 1850 मध्ये वनस्पती आणि प्राणी यांच्या समतोलाचं तत्त्व रसायनशास्त्रज्ञांपुढे मांडलं. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, 1854 मध्ये फिलिप गॉसचं ‘द ॲक्वेरियम’ आलं. काचेवरचा कर 1845 मध्येच उठला होता. झालं, घरोघरी टाक्या आल्या. लोक बादल्या-छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर तुटून पडले. गॉसच्या मुलानेच पुढे लिहिलं की, वडिलांच्या पुस्तकांनी धाडलेल्या या फौजेने खडकांमधली डबकी ओस पाडली. हे वाचून मी थबकलो. हौस भाच्याची आहे, पण किंमत कोण मोजणार?

त्यानंतर शंभरेक वर्षं घरच्या टाकीत जिवंत प्रवाळ टिकवणं फारसं कुणाला साधलं नाही. हौशी मंडळी पांढरी, मेलेली प्रवाळंच शोभेला ठेवत. वाट दाखवली ती जकार्ताच्या ली चिन एंग यांनी. 1961 मध्ये त्यांनी आपली पद्धत छापली. समुद्राचं पाणी, ऊन, हवेचे थोडे बुडबुडे आणि जीवजंतूंनी भरलेले समुद्रातले दगड. फिल्टर नाही. त्या दगडांमधले जिवाणूच माशांच्या घाणीची विल्हेवाट लावतात. पुढे बर्लिनच्या हौशींनी याच दगडांना प्रखर दिवे, चुन्याचं पाणी आणि प्रोटीन स्किमरची जोड दिली. स्किमर म्हणजे बुडबुड्यांना चिकटलेली घाण फेसावाटे बाहेर काढणारी नळी. पद्धतीला नाव मिळालं ते मात्र बर्लिनचं.

भाच्याचा आराखडा याच घराण्यातला. सहा बाय दोन बाय दोन फूट, म्हणजे 680 लिटर पाणी, त्यात सुमारे 24 किलो मीठ. काच आणि दगड धरून वजन टनाच्या घरात. म्हणून मी त्याला आधी स्लॅब दाखवायला इंजिनिअरकडे पाठवलं. खाली संप, त्यात स्किमर. पाणी 25-26 अंशांवर राखायला चिलर, कारण कोकणातल्या मे महिन्यात प्रवाळ पांढरे पडून मरायला वेळ लागत नाही.

दोन गोष्टींवर मात्र आमचं वाजलं. एक, कायदा. खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या अनुसूचीत वाघ, त्याच अनुसूचीत पोवळं. मालवणच्या समुद्रातला तुकडा कुणी ‘‘घ्या हो, कोण बघतंय’’ म्हणून आणून दिला तरी तो गुन्हाच. भाचा म्हणाला, ‘‘मामू, शारजात तर दुकानात मिळायचं.’’ मी म्हटलं, ‘‘तिथे राहून तू इथला कायदा विसरलास, एवढंच.’’ दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मग आपाचाच फोन आला. प्रवाळाच्या जागी पोकळ सिरॅमिकचे दगड येणार आहेत, जिवाणू त्यातही घर करतात. मासे कमी, तेही पैदास केंद्रातले.

दुसरी गोष्ट वीज. पावसाळ्यात आमच्याकडे ती जाते तेव्हा रात्रभर जाते. पाणी हललं नाही तर काही तासांत प्राणवायू संपतो. त्याच्या यादीत इन्व्हर्टर सर्वांत खाली होता, दिव्यांच्या रंगांनंतर. मी त्याला त्या मोलकरणीची गोष्ट सांगितली. आता बॅटरी पहिल्या ओळीत आहे, आणि आपाने विचारून ठेवलंय की तीही संपली तर पाणी ओतायला कोण बसणार.