धावेची कुळकथा

विहिरीवरील मोटेचा विचार करताना लक्ष चामड्याच्या पात्राकडे व चाकाकडे जाते. परंतु या साधनातील खरी कल्पकता धावेत, म्हणजे काठापासून उतरत जाणाऱ्या बैलांच्या वाटेत, आहे. चाक फक्त बलाची दिशा बदलते, त्यामुळे बैल पुढे चालले की मोट वर येते. आणि मोटेला बांधलेला जाड दोर, म्हणजे नाडा, लांबत नसल्याने बैल जेवढे अंतर उतरतात तेवढीच मोट चढते. म्हणूनच पाणी जितके खोल, तितकी धाव लांब ठेवावी लागे.

साताऱ्याजवळील लिंब येथील बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे इ.स. 1719 ते 1724 या काळात बांधवली. गतीचे नियम मांडणारा न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ 1687चा. तो या गवंड्यांच्या हाती असण्याचा प्रश्नच नव्हता, तरीही सुमारे 110 फूट खोल विहिरीवर मोटा चालवण्याचे गणित त्यांनी अनुभवातून सोडवले होते.

समजा, मोटेत 150 किलो पाणी आहे. ती एकसारख्या वेगाने चढत असेल तर निव्वळ बल शून्य असते, म्हणून नाड्यातील ताण पाण्याच्या वजनाइतका, सुमारे 1470 न्यूटन, हवा. सपाट जमिनीवर तो सगळा बैलांच्या खुरांनी जमिनीला रेटूनच मिळवावा लागेल. धाव मात्र 10 अंशांनी उतरती असेल आणि बैलजोडीचे वस्तुमान 700 किलो असेल, तर तिच्या वजनाचा उताराच्या दिशेतील घटक सुमारे 1190 न्यूटन होतो, आणि पायांवर केवळ 280 न्यूटन व चाकाच्या घर्षणाचा भार उरतो. नाड्यावर बसून उतरणारा मोटकरी स्वतःचे वजनही त्याच कामी लावत असे. अर्थात हे फुकट मिळत नाही: रिकामी मोट खाली जाताना जोडीला तेच वजन घेऊन मागल्या पावली धाव चढावी लागे. भरल्या मोटेचे कष्ट असे रिकाम्या खेपेत वाटले जात, आणि जनावर दिवसभर टिके, हेच या रचनेचे मोल होय.

मोट थारोळ्याशी, म्हणजे काठावरील हौदाशी, आली की सोल, म्हणजे मोटेच्या सोंडेला (चामडी नळीला) बांधलेला दोर, सोंड खाली ओढून धरी, आणि पाणी पाटाला लागे. 1910 मध्ये सांगली परिसरात उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी ही उद्योगवसाहत वसवली. पुढे तेथील कारखान्यातून इंजिने व पंप आले, तेव्हा पाणी वर येण्यासाठी उताराची गरजच उरली नाही.