दादासाहेब फाळके व त्यांचे पाठीराखे

गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरीं उगम पावते आणि मराठवाड्यांतून वाहत नांदेडजवळ विष्णुपुरीस येते. तेथें नदीवर धरण बांधून पाणी अडविलेलें आहे. तें पंपांनीं उंच चढवून मग कालव्यांवाटे शेतांस पोंचविण्यांत येतें. पाणी उताराकडे आपोआप धांवतें. चढावर न्यावयाचें तर मागून सतत जोर द्यावा लागतो. एकट्या माणसानें आरंभिलेल्या उद्योगाचेंही असेंच आहे. प्रारंभींच्या उत्साहाचा उतार लौकरच संपतो आणि पुढचा सारा मार्ग चढाचा असतो.

याच विष्णुपुरींत 1981 सालीं स्थापन झालेली श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे, आणि 1994 सालीं निघालेलें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठही तेथेंच आहे. अशा ठिकाणीं संगणकविद्या शिकणाऱ्या एखाद्या तरुणाला, नोकरी न धरतां एकट्यानेंच संगणकावरचा एखादा खेळ रचावा, असें वाटणें स्वाभाविक आहे. खेळांतील चित्रें, नाद, नियम व कथा हीं सर्व त्यानें स्वतःच सिद्ध करावयाचीं. खेळ पुरा होण्यास वर्षें लागतात, आणि तोंपर्यंत कांहीं रसिक त्याला दरमहा थोडी थोडी रक्कम पाठवितात. त्या बदल्यांत तो झालेलें काम तुकड्यातुकड्यानें त्यांस दाखवीत राहतो. हल्लीं जगांत पुष्कळ ठिकाणीं असे खेळ याच रीतीनें तयार होतात. परंतु एक दोन वर्षें लोटलीं कीं पाठीराख्यांची संख्या रोडावते, घरचीं माणसें नोकरीची आठवण देऊं लागतात, आणि आपण हें कोणासाठीं करीत आहों, हा प्रश्न रात्रीं झोंप येऊं देत नाहीं.

हा प्रश्न नवा नाहीं. त्याच गोदावरीच्या उगमाशीं, त्र्यंबकेश्वरीं, 30 एप्रिल 1870 रोजीं जन्मलेल्या एका पुरुषास तो आयुष्यांत अनेक वेळां पडला. धुंडिराज गोविंद फाळके हें त्याचें नांव. हिंदी चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेबांची कीर्ति सर्वतोमुखीं आहे. परंतु त्यांच्या धडपडीचा जमाखर्च मांडून पाहिला, तर कोणत्या पाठबळानें त्यांचा उत्साह टिकला व कोणत्या पाठबळानें तो खचला, हें ध्यानांत येतें.

मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचें कलाभवन येथें शिकून दादासाहेबांनीं छायाचित्रकाराचा धंदा केला, पुराणवस्तु खात्यांत नोकरी केली आणि मग छापखाना काढला. छापखान्यांत भागीदारांशीं पटलें नाहीं, तेव्हां तो सोडून ते बाहेर पडले. त्या वेळीं त्यांनीं चाळिशी गांठली होती. अशा रिकाम्या दिवसांत, 1910-11 च्या सुमारास, गिरगांवांत त्यांनीं ख्रिस्तचरित्रावरचा एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हालत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम आणि कृष्ण उभे राहिले. दुसऱ्या खेळास त्यांनीं पत्नी सरस्वतीबाई यांसही बरोबर नेलें. पुढें ते दिवसचे दिवस चित्रपट पाहूं लागले आणि रात्रीं जागून प्रयोग करूं लागले. झोंप अशी उरलीच नाहीं. त्याचा परिणाम डोळ्यांवर होऊन कांहीं काळ त्यांस दिसेनासें झालें. पुढें औषधोपचारांनीं दृष्टि परत आली. पण ध्यासालाही शरीराची मर्यादा आहे, हा धडा त्यांस आरंभींच मिळाला.

मग आयुष्याच्या विम्याचे कागद गहाण टाकून त्यांनीं कर्ज काढलें आणि 1912 च्या फेब्रुवारींत ते लंडनला गेले. तेथें 'बायोस्कोप' नांवाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांस ते जाऊन भेटले. हिंदुस्थानांत हा धंदा चालणार नाहीं, असा सल्ला कॅबर्न यांनीं प्रथम दिला. परंतु पाहुण्याची तळमळ पाहून त्यांनींच पुढें सेसिल हेपवर्थ या चित्रनिर्मात्याशीं त्यांची गांठ घालून दिली. विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा विकत घेऊन दादासाहेब एप्रिलच्या आरंभीं मुंबईस परतले.

यंत्र हातीं आलें, पण पैसा संपला होता. पुराणांतील कथा पडद्यावर आणण्याची केवळ कल्पना सांगून कोण सावकार थैली सोडणार? येथें दादासाहेबांनीं जी युक्ति योजिली ती फार विचार करण्याजोगी आहे. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा उभा केला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाचें थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्र घेत ते बसले. हीं चित्रें सलग दाखवितांच दाणा फुटून वेल वर चढत असलेली पाहणाऱ्यांस मिनिटा दीड मिनिटांत दिसूं लागली. 'अंकुराची वाढ' ही ती इवलीशी फीत. ती त्यांनीं निवडक ओळखीच्या मंडळींस दाखविली, आणि यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहारे यांच्यासारखे गृहस्थ कर्ज देण्यास पुढें आले.

या फितीनें दोन गोष्टी साधल्या. दुसऱ्यांस विश्वास वाटला, ही एक. पण रोज चित्रें घेतां घेतां दादासाहेबांसच आपली विद्या खरी असल्याचा प्रत्यय आला, ही दुसरी, आणि अधिक मोलाची. मोठ्या कामाचें फळ वर्षांनीं मिळावयाचें असतें. तोंवर मन जगवावयाचें तर पुरें होऊन डोळ्यांस दिसेल असें लहान काम हातीं असावें लागतें. पाठीराख्याला तुकडा दाखवावा लागतो, ही अडचण नसून कारागिराचीही ती शिदोरी आहे.

'राजा हरिश्चंद्र'चें काम दादर येथें चाललें. सर्व कामें दादासाहेब स्वतः पाहत: लेखन, दिग्दर्शन, चित्रण, रंगपट आणि फीत धुणें. चित्रपटांत काम करण्यास कोणी स्त्री मिळेना, तेव्हां उपाहारगृहांत नोकरी करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणास तारामती केलें. दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र हा रोहिदास झाला. या व्यवसायाची लोकांस लाज वाटे, म्हणून आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यांत नोकरीस आहों, असें नटांनीं बाहेर सांगावें, अशी सूचना होती. पन्नास साठ माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. शिवाय कोऱ्या फितीस छिद्रें पाडणें, रसायनें कालविणें, उन्हांत पांढरी चादर धरून उभें राहणें, हींही कामें त्यांचींच. सुमारें 3,700 फूट लांबीचा हा मूकपट 3 मे 1913 रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांसमोर आला आणि यशस्वी झाला. दादासाहेब एकाकी होते असें म्हणण्याची रीत आहे. परंतु पहिला व सर्वांत मोठा पाठीराखा त्यांच्या घरांतच होता, हें विसरतां कामा नये.

यशानंतर चढ संपेल असें वाटलें होतें. नाशिकास बिऱ्हाड हलवून त्यांनीं 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' हे पट काढले. 1914 सालीं ते आपले चित्रपट घेऊन पुनः लंडनला गेले. तेथेंच राहून काम करावें अशी सूचना आली. ती त्यांनीं स्वीकारली नाहीं. इतक्यांत महायुद्ध पेटलें आणि भांडवलवाल्यांनीं हात आंखडला. परतल्यावर पाहतात तों कारखाना बंद पडण्याच्या बेतास आलेला. सरस्वतीबाईंनीं अंगावरचे दागिने पुढें केले. लोकमान्य टिळकांनीं कांहीं धनिकांच्या साह्यानें कंपनी उभारण्याची खटपट केली, पण ती तडीस गेली नाहीं. दादासाहेबांनीं व्याख्यानें दिलीं, लोकांस आवाहन केलें, चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारी एक फीतही काढली. मदत आली ती अपेक्षेच्या मानानें थोडी. तरी त्या थोडक्यावर त्यांनीं 'लंकादहन' पुरा केला. 1917 सालीं तो मुंबईंत लागला तेव्हां इतकी गर्दी लोटली कीं जमलेलीं नाणीं पोत्यांत भरून बैलगाडीनें न्यावीं लागलीं. त्यांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनींच केल्या होत्या.

आतां पैशाची वाण राहिली नाहीं. 1 जानेवारी 1918 रोजीं श्रीमंत भागीदारांसह 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' हे लोकप्रिय पट निघाले. दुसऱ्यांत त्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली होती. आणि आश्चर्य असें कीं, विमा गहाण पडला असतां, दृष्टि गेली असतां, युद्ध चालू असतां जो पुरुष डगमगला नाहीं, तो या भरभराटींत खचला. भागीदारांस खर्चाचा हिशेब हवा होता, काम ठरल्या वेळीं हवें होतें, आणि कारभारांत हात हवा होता. त्यांचेंही सर्वस्वीं चुकलें असें म्हणवत नाहीं. पैसा त्यांचा होता, आणि दादासाहेबांचा हात सढळ होता. पण आपल्या कामाचे आपण धनी नाहीं असें वाटतांच त्यांचा झरा आटला. कंपनी सोडून ते काशीस गेले. तेथें त्यांनीं 'रंगभूमि' नांवाचें नाटक लिहिलें आणि चित्रपटाशीं संबंध सोडल्याचें सांगूं लागले.

तेथून त्यांस परत आणलें तें पैशानें नव्हे. 'संदेश'कार अच्युतराव कोल्हटकर यांनीं त्यांस पत्र लिहून परतण्याची विनंति केली. आपण या व्यवसायास मेलों आहों, अशा अर्थाचें उत्तर आलें, तें कोल्हटकरांनीं छापलें. त्यावर वाचकांचीं पत्रें येऊं लागलीं. चार आणे देऊन तिकीट काढणारा प्रेक्षक आपली वाट पाहत आहे, हें दादासाहेबांस कळलें; आणि 1922 च्या सुमारास ते पुनः नाशिकास येऊन कामास लागले. पुढील काळांत बोलपट आला आणि त्यांचें तंत्र मागें पडलें. तरी साठी उलटल्यावर त्यांनीं कोल्हापुरास 'गंगावतरण' हा बोलपट काढला. तो 1937 सालीं लागला. 16 फेब्रुवारी 1944 रोजीं नाशिक येथें त्यांचा अंत झाला, तेव्हां संपत्ति अशी उरलेली नव्हती. त्यांच्या नांवाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला तो 1969 सालीं, म्हणजे पंचवीस वर्षांनीं.

या चरित्रांत दोन तऱ्हेचे पाठीराखे दिसतात. एकास दिलेल्या पैशाचा मोबदला हवा असतो, दुसऱ्यास ती वस्तु पुरी झालेली पाहावयाची असते. पहिल्याखेरीज कारखाना चालत नाहीं, हें खरें. पण मन चालतें तें दुसऱ्याच्या बळावर. विष्णुपुरीच्या एखाद्या खोलींत आपल्या खेळापाशीं बसलेल्या तरुणाच्या यादींत तीसच नांवें उरलीं असतील. तीं किती घटलीं हें मोजण्यापेक्षां, पुढच्या महिन्यांत त्या तिसांस काय दाखवावयाचें हें त्यानें ठरवावें, खेळाची मालकी कोणास देऊन टाकूं नये, आणि रात्रीं वेळेवर निजावें. दादासाहेबांस हें शेवटचें पथ्य डोळे गमावण्याच्या भयानें शिकावें लागलें. कुंडींतला वाटाणाही एका रात्रींत वाढला नव्हता. रोज त्याच्यापुढें बसणारा एक मनुष्य होता, एवढेंच.