भंडाऱ्याचे खासदार, फुटबॉलचे अध्यक्ष : एका खुर्चीची बारा वर्षे

(१)
२८ ऑक्टोबर २०१७. कोलकात्याचे सॉल्ट लेक मैदान. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना. दोन गोलांनी पिछाडीवर पडलेल्या इंग्लंडने स्पेनला ५-२ असे नमवले, तेव्हा मैदानात ६६ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांच्या कारकिर्दीचा हा कळस होता.

(२)
तीन दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची अध्यक्षपदी झालेली निवडच रद्द ठरवली. यश आणि पदच्युती इतकी लागोपाठ कशी आली? हे समजून घ्यायचे, तर भंडारा जिल्ह्यातून सुरू होऊन फिफाच्या सभागृहापर्यंत गेलेला प्रवास पाहावा लागतो. त्यासाठी हा धागा.

(३)
भंडारा म्हणजे धानाची शेती, तलाव, वैनगंगा आणि पितळी भांडी. इथल्या माणसाला कबड्डीचे डाव आणि शंकरपटातल्या बैलजोड्या ठाऊक. दिवाळीनंतरच्या मंडईत दंडार पाहायला गाव लोटते. फुटबॉलच्या नकाशावर मात्र या जिल्ह्याचे नाव कधी ठळक नव्हते. तरीही देशाचा फुटबॉल बारा वर्षांहून अधिक काळ याच मातीतल्या नेत्याच्या हाती राहिला.

(४)
विडी आणि तेंदूपत्ता हा या भागाचा जुना व्यवसाय. त्यात जम बसवलेल्या गुजराती कुटुंबातील मनोहरभाई पटेल गोंदियाचे आमदार झाले. १९५८ मध्ये त्यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. गोंदियाचे धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय आणि भंडाऱ्याचे जे. एम. पटेल महाविद्यालय याच संस्थेची. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी.

(५)
मनोहरभाईंचे पुत्र प्रफुल्ल यांचा जन्म १९५७ चा, कोलकात्याचा. वडील १९७० मध्ये वारले, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. शिक्षण मुंबईत कॅम्पियन शाळेत आणि सिडनहॅम महाविद्यालयात झाले. १९८५ मध्ये ते गोंदियाचे नगराध्यक्ष झाले आणि १९९१, १९९६ व १९९८ असे तीनदा भंडाऱ्यातून लोकसभेवर गेले. २००४ मध्ये केंद्रात नागरी विमान वाहतूक खाते त्यांच्याकडे आले.

(६)
या प्रवासात फुटबॉल क्लब कुठेच नाही. युरोपात क्लबचा कारभारी बहुधा क्लबातच घडतो : खेळाडूंचे करार, तिकीटविक्री, अकादमी, कर्जाचे हप्ते यांतून वर येतो. भारतात फुटबॉलच्या सर्वोच्च खुर्चीकडे जाणारी वाट निराळी होती. ती राज्य संघटनांमधून जात असे, आणि त्या संघटनांवर राजकारण्यांचा वरचष्मा असे.

(७)
याचे कारण महासंघाच्या रचनेत होते. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघात अध्यक्ष निवडण्याचे मत राज्य संघटनांना होते. क्लबांना मत नव्हते, खेळाडूंनाही नव्हते. दरमहा पगार देणाऱ्या क्लबाचा आणि मैदानात घाम गाळणाऱ्या खेळाडूचा अध्यक्षाच्या निवडीत थेट वाटा शून्य. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

(८)
पटेल यांच्याआधी प्रियरंजन दासमुन्शी १९८८ पासून वीस वर्षे अध्यक्ष होते. तेही काँग्रेसचे खासदार आणि केंद्रीय मंत्री. ऑक्टोबर २००८ मध्ये ते गंभीर आजारी पडले. उपाध्यक्ष असलेल्या पटेल यांच्याकडे कार्यभार आला आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ते रीतसर निवडून आले. त्याच वर्षी ते भंडारा-गोंदियातून पुन्हा लोकसभेत पोहोचले होते. केंद्रीय मंत्री, खासदार आणि फुटबॉलचा अध्यक्ष ही तिन्ही पदे एकाच वेळी.

(९)
हाती आलेला संसार नाजूक होता. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली होती. २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. प्रेक्षक आटत होते. प्रक्षेपणाचा दहा वर्षांचा करार २०१० मध्ये अर्ध्यावरच संपला. २००६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरलेला मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ मालकांनी २०१० मध्ये बंद केला. २०११ मध्ये पंजाबच्या जेसीटीनेही गाशा गुंडाळला.

(१०)
महाराष्ट्राच्या फुटबॉलची जुनी घडीच याने मोडत होती. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक होता, कूपरेजचे मैदान होते, आणि गिरण्या, बँका व कंपन्यांचे संघ होते. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र, एअर इंडिया. खेळाडूला नोकरी मिळे, कंपनीला नाव मिळे. या संघांना स्वतःचे वेगळे उत्पन्न मात्र नव्हते. कंपनीने हात आखडला, की संघ संपे.

(११)
पटेल यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय याच पार्श्वभूमीवर झाला. डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्स या कंपनीशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. महासंघाला निश्चित रक्कम मिळणार होती. बदल्यात व्यापारी हक्क कंपनीकडे गेले. त्यात नवी लीग उभारण्याचा हक्कही आला.

(१२)
या पैशाचे महत्त्व कमी लेखता येत नाही. राष्ट्रीय संघाची शिबिरे, परदेश दौरे, वयोगटांचे संघ यांना खात्रीचा आधार मिळाला. पण लीग हा देशाच्या फुटबॉलचा कणा असतो. त्याचे व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी दुसऱ्याच्या हाती दिल्यावर, पंधरा वर्षांनी काय, हा प्रश्न त्या दिवसापासूनच करारात दडून होता.

(१३)
१२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ संघ, सिनेतारे आणि क्रिकेटपटू मालकांत, भरलेली मैदाने. महाराष्ट्राच्या वाट्याला मुंबई सिटी आणि पुणे सिटी असे दोन संघ आले. फुटबॉल पुन्हा घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर दिसू लागला. दशकभर ओसाड पडलेल्या चर्चेला पालवी फुटली.

(१४)
झळ लागली ती जुन्या क्लबांना. परवाना नियमांनुसार क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था असावी, तिचे युवा संघ असावेत, अशा अटी होत्या. त्या पूर्ण न झाल्याने २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगबाहेर गेले. योगायोग असा, की एअर इंडिया ज्या खात्याच्या अखत्यारीत होती, ते खाते २०११ पर्यंत पटेल यांच्याकडेच होते.

(१५)
२०१६ मध्ये महासंघाने सुपर लीगला पहिली पायरी आणि आय-लीगला खालची पायरी देण्याचा आराखडा मांडला. तेव्हा गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. अनेक वर्षे देशाला खेळाडू पुरवणाऱ्या क्लबांचे म्हणणे सरळ होते : जिंकूनही वर चढता येत नसेल, तर खेळायचे कशासाठी? त्यांच्या हाती मत नव्हते. मैदान सोडणे एवढेच त्यांच्या हाती होते.

(१६)
नव्या व्यवस्थेतही सगळे टिकले असे नाही. पुणे सिटी हा संघ पाच हंगामांनंतर, २०१९ मध्ये संपुष्टात आला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पाळेमुळे नसलेला क्लब कंपनीचा असो वा फ्रँचायझीचा, मालकाच्या निर्णयावरच जगतो, हा धडा महाराष्ट्राने दहा वर्षांत दोनदा गिरवला.

(१७)
दरम्यान राष्ट्रीय संघाने घसरण आणि उभारी दोन्ही पाहिल्या. मार्च २०१५ मध्ये फिफा क्रमवारीत भारत १७३ व्या स्थानी, म्हणजे आजवरच्या तळाला होता. जुलै २०१७ मध्ये तोच संघ ९६ व्या स्थानी पोहोचला. दोन दशकांतले ते सर्वोत्तम स्थान. प्रशिक्षक होते स्टीफन कॉन्स्टंटाइन.

(१८)
मग आला २०१७ चा विश्वचषक. फिफाची स्पर्धा भारतात पहिल्यांदाच होत होती. नवी मुंबई आणि मडगावसह सहा शहरे, ५२ सामने, १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षक. त्या वयोगटाच्या विश्वचषकाचा तो विक्रम होता. भारत तिन्ही सामने हरला, पण ९ ऑक्टोबरला जीक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातला पहिला गोल केला. केंद्राची आणि राज्यांची यंत्रणा हलवणे हे अशा आयोजनातले खरे काम, आणि त्यात राजकारणातला अनुभव उपयोगी पडला.

(१९)
स्पर्धेआधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला. एरवी कबड्डीची रेघ ओढली जाणाऱ्या शाळांच्या पटांगणांवर त्या दिवशी चेंडू घरंगळला. त्या एका दिवसापुरता का होईना, महासंघ आणि गावची शाळा यांच्यातले अंतर मिटले.

(२०)
उच्च न्यायालयात गेले होते ते वकील राहुल मेहरा. डिसेंबर २०१६ ची निवडणूक राष्ट्रीय क्रीडा संहितेनुसार झाली नाही, हा आक्षेप न्यायालयाने मान्य केला. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पण माजी निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरेशी आणि माजी गोलरक्षक भास्कर गांगुली यांच्याकडे महासंघाची नवी घटना लिहिण्याचे काम सोपवले. खुर्ची वाचली, मात्र तिच्याखालची जमीन न्यायालयाच्या ताब्यात गेली.

(२१)
देशात खटला सुरू असतानाच परदेशात मान वाढत होता. एप्रिल २०१९ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई अधिवेशनात ४६ पैकी ३८ मते मिळवून पटेल फिफा परिषदेवर निवडून गेले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. २०१५ च्या भ्रष्टाचार प्रकरणानंतर फिफाने स्वतःच्या अध्यक्षाला आणि परिषद सदस्यांना बारा वर्षांची मर्यादा घालून घेतली होती. भारताच्या क्रीडा संहितेतही अध्यक्षासाठी तीच बारा वर्षे होती.

(२२)
पटेल यांची तिसरी मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली. निवडणूक झाली नाही. घटनेचा प्रश्न न्यायालयात असल्याने निवडणूक घेता येत नाही, अशी महासंघाची भूमिका होती. टीकाकारांच्या मते हाच मुदतवाढीचा मार्ग झाला होता. १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारभार निवृत्त न्यायमूर्ती ए. आर. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे दिला आणि पटेल यांची कारकीर्द संपली.

(२३)
त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण देत फिफाने ऑगस्ट २०२२ च्या मध्याला भारताला निलंबित केले. आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचलेल्या गोकुलम केरळच्या मुलींना न खेळताच परतावे लागले. न्यायालयाने समिती बरखास्त केल्यावर निलंबन उठले. २ सप्टेंबरला कल्याण चौबे यांनी भायचुंग भुतिया यांचा ३३ विरुद्ध १ मताने पराभव केला. महासंघाला प्रथमच माजी खेळाडू अध्यक्ष लाभला, पण मतदार तेच होते : राज्य संघटना.

(२४)
या कारकिर्दीने दोन कागद मागे ठेवले. एक २०१० चा व्यापारी करार. दुसरा २०१७ पासून न्यायालयात अडकलेली घटना. दोन्हींचा हिशेब २०२५ मध्येच पुरा झाला. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनेला मान्यता दिली. डिसेंबरमध्ये करार संपला. त्याआधीच पुढच्या व्यवस्थेच्या अनिश्चिततेमुळे सुपर लीगचा हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नव्हता. कराराच्या पोटात दडलेला प्रश्न पंधरा वर्षांनी दारात उभा राहिला.

(२५)
पैसा आणणे, विश्वचषक आणणे, फिफाच्या परिषदेत भारताला जागा मिळवून देणे, ही कामे एका वजनदार माणसाला जमली. तो गेल्यावरही चालत राहील अशी व्यवस्था उभी करणे हे काम वेगळे. त्यासाठी मुदत संपताच रिकामी होणारी खुर्ची लागते आणि क्लब व खेळाडू यांच्या हाती मत लागते. साकोली किंवा तुमसरच्या शाळेत २०१७ मध्ये चेंडूला पहिली लाथ मारणारी मुले आता वयात आली आहेत. अध्यक्ष कोण, याने त्यांचे फारसे अडत नाही. त्यांचे अडते ते पुढच्या हंगामात खेळायला लीग आहे की नाही, यावर.