सिस्टर हुआना : एका विदुषी धर्मभगिनीची हकीकत

ज्युबिलीचा प्रसंग आला म्हणजे गतकाळाकडे वळून पाहण्याची बुद्धि सर्वांसच होते. मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते धर्मगुरु येथें होऊन गेले, याची नोंद आपण आदरानें करितों. आणि तें योग्यच आहे. परंतु अशा नोंदींत स्त्रियांचीं नांवें शोधूं गेल्यास तीं फारच थोडीं आढळतात. मुलांस प्रार्थना शिकविणाऱ्या माता व आज्या आणि आजाऱ्यांच्या उशाशीं रात्री काढणाऱ्या धर्मभगिनी यांचें श्रेय आपण तोंडानें देतों, पण कागदावर उतरवीत नाहीं. म्हणून आम्ही येथें अशा एका स्त्रीची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों, जिनें आपलें चरित्र स्वतःच्या हातानें लिहिलें, आणि शिकण्याचा व लिहिण्याचा स्त्रीस अधिकार आहे हेंही त्याच लेखांत प्रतिपादिलें.

तिचें नांव सिस्टर हुआना इनेस दे ला क्रूस, आणि देश मेक्सिको. हा देश वाचकांस फार दूरचा वाटेल. तथापि आपला त्याच्याशीं एक जुना ऋणानुबंध आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांतील नागासाकी येथें ज्या सव्वीस ख्रिस्तवीरांस क्रुसावर देण्यांत आलें, त्यांत आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते, आणि मेक्सिको शहरचे संत फेलिप दे हेसूस हेही होते. दोघांस संतपदही एकाच दिवशीं, १८६२ सालीं, प्राप्त झालें. त्या फेलिपच्या शहरांत, त्यांच्या हौतात्म्यानंतर सुमारें सत्तर वर्षांनीं, हुआना मठाची पायरी चढली.

मेक्सिकोवर त्या काळीं स्पेनचें राज्य होतें. हुआनाचा जन्म नेपान्त्ला या खेड्यांत १६४८ किंवा १६५१ सालीं झाला. या सालाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. तिच्या आईबापांचा विवाह झालेला नव्हता. आईस लिहितां येत नव्हतें, तरी ती शेतीवाडीचा कारभार धीरानें चालवी. आजोबांच्या घरीं मात्र ग्रंथ होते. हुआना तीन वर्षांची असतां वडील बहिणीच्या मागोमाग शाळेंत गेली, आणि आईनेंच आपणांस पाठविलें आहे अशी थाप मारून वाचावयास शिकली. चीझ खाल्ल्यानें बुद्धि मंद होते असें ऐकून तिनें तो आवडता पदार्थ वर्ज्य केला. राजधानींत विद्यापीठ आहे असें कळतांच, मुलाचा पोषाख घालून मला तेथें पाठवा, असा हट्ट तिनें आईपाशीं धरला. कारण विद्यापीठाचें दार मुलींस बंद होतें. ठरलेल्या मुदतींत धडा तयार झाला नाहीं, तर ती शिक्षा म्हणून आपले केस कापून टाकी. ज्ञानानें रिकाम्या डोक्यास केसांचें भूषण कशाला, असा तिचा हिशेब होता.

पुढें व्हाइसरॉय मान्सेरा यांच्या पत्नीच्या सेवेंत ती दरबारीं राहिली. तेथें सुमारें चाळीस विद्वानांनीं तिची परीक्षा घेतली व ती त्या सर्वांस पुरून उरली, असें तिच्या पहिल्या चरित्रकारानें नमूद केलें आहे. परंतु परीक्षेंत यश आलें म्हणून मार्ग मोकळा झाला नाहीं. विवाहाची तिला मुळींच इच्छा नव्हती, आणि अविवाहित स्त्रीनें स्वतंत्र राहून अभ्यास करावा अशी सोय त्या समाजांत नव्हती. १६६७ सालीं ती कार्मेलाइट मठांत गेली; तेथील कडक नियम न सोसल्यामुळें कांहीं महिन्यांत परत आली. अखेर २४ फेब्रुवारी १६६९ रोजीं तिनें संत जेरोमच्या मठांत व्रत घेतलें. मठजीवनांतील कांहीं गोष्टी आपल्या स्वभावाविरुद्ध होत्या, हें तिनें लपविलें नाहीं. हा कबुलीजबाब कित्येकांस खटकेल. आम्हांस मात्र त्यांत तिचा खरेपणाच दिसतो.

मठांत तिनें हिशेबनीस म्हणून काम पाहिलें, नाटकें व काव्यें लिहिलीं आणि मोठा ग्रंथसंग्रह जमविला. सणांच्या दिवशीं मोठमोठ्या कॅथीड्रलांत तिचीं गीतें गायिलीं जात. कांहीं गीतांत तिनें तेथील मूळ रहिवाशांची नावात्ल भाषाही योजिली. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं मराठींत प्रसिद्ध झालें. लोकांच्या भाषेविषयींचें हें प्रेम त्याच जातीचें होय. १६८९ सालीं तिच्या कवितांचा ग्रंथ माद्रिद येथें छापला गेला.

एवढ्यांत वादळ उठलें. प्रसिद्ध येशूसंघीय वक्ते फादर आंतोनियो व्हिएरा यांच्या एका प्रवचनावर हुआनानें टीका लिहिली होती. ती छापण्याचें तिच्या मनांत नव्हतें. १६९० सालीं पुएब्ला येथील बिशपांनीं ती छापली. सोबत स्वतः एक पत्र जोडलें, आणि खालीं एका कल्पित धर्मभगिनीचें नांव घातलें. पत्रांत तिच्या बुद्धीची स्तुति होती. पण लौकिक विद्या बाजूस ठेवून पवित्र शास्त्राकडे अधिक लक्ष द्यावें, असा उपदेशही होता.

हुआनानें १ मार्च १६९१ रोजीं उत्तर लिहिलें. त्यांत तिनें आपलें बालपण सांगितलें, आणि देबोरा, एस्तेर, संत पॉला, आविलाची संत तेरेसा इत्यादि स्त्रियांचे दाखले दिले. स्त्रियांनीं सभेंत मौन धरावें या संत पौलाच्या वचनाचा रोख जाहीर उपदेशावर आहे, खाजगी अभ्यासावर नाहीं, असें तिनें मांडलें. वयस्क विदुषींनीं मुलींस शिकवावें, म्हणजे परपुरुष शिक्षक घरीं आणण्याची अडचण उरणार नाहीं, असेंही सुचविलें. एका वरिष्ठ भगिनीनें तिला सुमारें तीन महिने पुस्तकें वाचण्याची मनाई केली असतां तिनें आज्ञा पाळली. पण जें दिसे त्याचाच अभ्यास केला. स्वयंपाकघरांत अंडें तुपांत आळतें आणि पाकांत विस्कळित होतें, हें पाहून ती विचार करूं लागे. चूल हीच तिची प्रयोगशाळा झाली. त्याच वर्षीं आलेक्सांद्रियाच्या विदुषी संत कॅथरीनवर तिनें रचिलेलीं गीतें ओआहाका येथें गायिलीं गेलीं.

तरीही अखेरीस तिनें वाद सोडला. १६९२ सालीं शहरांत धान्याची टंचाई होऊन दंगल झाली. पुढील दोन वर्षांत हुआनानें आपले ग्रंथ व उपकरणें विकून पैसा दीनांस दिला, आणि १६९४ सालीं स्वतःच्या रक्तानें सही करून आपलें व्रत पुन्हां दृढ केलें. हा त्याग स्वेच्छेचा कीं वरिष्ठांच्या दडपणाचा, याविषयीं अभ्यासकांत आजही एकमत नाहीं; आणि आम्हीही तो निकाल देण्याचें धाडस करीत नाहीं. मठांत सांथ आली तेव्हां तिनें आजारी भगिनींची सेवा केली, आणि त्याच रोगानें १७ एप्रिल १६९५ रोजीं तिचा अंत झाला. मागें कोठडींत एक अपुरी कविता सांपडली. बिशपांस दिलेलें तें उत्तर १७०० सालीं छापून निघालें.

हुआना संत म्हणून गणली गेलेली नाहीं. परंतु जिचा दाखला तिनें दिला होता त्या आविलाच्या तेरेसास, आणि सिएनाच्या कॅथरीनला, १९७० सालीं पोप सहावे पॉल यांनीं ख्रिस्तसभेच्या धर्माचार्य असें घोषित केलें. हा मान मिळविणाऱ्या त्याच पहिल्या स्त्रिया होत. पुढें १९९७ सालीं लिझ्यूची तेरेसा व २०१२ सालीं बिंगेनची हिल्डेगार्ड यांसही तो लाभला. हुआनाच्या प्रश्नास उत्तर मिळण्यास पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ लागला.

वाचकहो, हुआनानें लिहिलें म्हणून आपणांस तिचें मन कळलें. तिच्या आईचें मन मात्र कळत नाहीं, कारण तिला अक्षर शिकविलें गेलें नव्हतें. आपल्या घरींही अशी एखादी आजी असेल. ती देवाघरीं जाण्यापूर्वीं तिच्या तोंडची हकीकत कोणा नातीनें वहींत उतरवून ठेवावी, अशी आमची विनंति आहे. पुढील ज्युबिलीच्या पुस्तकांत घंटा देणाऱ्याच्या नांवाशेजारीं तीही शोभेल.