लोण्याचा प्रांत : उत्तर कारेलियाची कथा

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. परंतु मनुष्याच्या आयुष्याची दोरी जेथें लांब किंवा आंखूड होते, तें स्वयंपाकघर इतिहासाच्या पानांवर क्वचितच उतरतें. आज एका संबंध प्रांताच्या स्वयंपाकघरांची हकीकत सांगावयाची आहे. रक्तांतील कोलेस्टेरॉल आटोक्यांत ठेवावयाचें तर काय खावें आणि काय टाळावें, हा प्रश्न हल्लीं घरोघर विचारला जातो. फिनलंड देशांतील उत्तर कारेलिया नांवाच्या प्रांतानें तो प्रश्न सर्वांनीं मिळून सोडवूं पाहिला, आणि त्यांत त्यास मोठें यश आलें.

प्रथम या द्रव्याची थोडी ओळख करून घेऊं. पित्ताशयांतील खड्यांत मेणासारखा एक पदार्थ असतो, हें अठराव्या शतकांतच ध्यानांत आलें होतें. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यानें १८१५ च्या सुमारास ग्रीक भाषेंतील ‘पित्त’ आणि ‘घन’ या अर्थाच्या शब्दांवरून त्याचें नामकरण केलें. १९१० सालीं जर्मन शास्त्रज्ञ विंडाउस याला असें आढळलें कीं, रोगानें कठीण झालेल्या मोठ्या रक्तवाहिनींत हा पदार्थ निरोगी वाहिनीपेक्षां कितीतरी पटींनीं अधिक असतो. १९१३ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें अनिच्कोव आणि खालातोव या दोघांनीं सशांना सूर्यफुलाच्या तेलांत विरघळविलेलें कोलेस्टेरॉल चारलें, तेव्हां त्या मुक्या प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांतही तीच पुटें धरलीं.

परंतु ससा हा गवत खाणारा प्राणी. त्याचें माप मनुष्यास जसेंच्या तसें लागू पडत नाहीं. मनुष्याचें यकृत कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतें, आणि तें देहास आवश्यकही आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. यकृताच्या पेशींवर जणूं लहान लहान आंकडे असतात. ते रक्तांतून वाहणारे कोलेस्टेरॉलचे कण पकडून आंत ओढून घेतात. हा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. लोणी, साय, चरबी यांसारख्या, थंडींत घट्ट होणाऱ्या पदार्थांतील संपृक्त स्निग्ध द्रव्यें पोटांत फार गेलीं म्हणजे या आंकड्यांचें काम मंदावतें, कण रक्तांतच सांचतात आणि कालांतरानें वाहिन्यांच्या भिंतींत शिरतात. म्हणून बहुतेकांच्या बाबतींत खाण्यांतील कोलेस्टेरॉलपेक्षां हीं स्निग्ध द्रव्येंच अधिक अपाय करतात.

आतां आपण कारेलियाकडे वळूं. हा प्रांत फिनलंडच्या पूर्व सरहद्दीवर, रशियाला लागून आहे. अरण्यें, सरोवरें आणि दीर्घ हिंवाळा हें त्याचें रूप. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फिनलंडला आपल्या कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएट रशियाच्या स्वाधीन करावा लागला. युद्धांतून परतलेल्या शिपायांना आणि घरेंदारें सोडून आलेल्या कुटुंबांना सरकारनें जमिनीचे लहान लहान तुकडे दिले. त्यांनीं जंगल तोडलें, गाई पाळल्या, डुकरें पाळलीं. ज्या पिढीनें उपासमार पाहिली होती, तिच्या दृष्टीनें पावावर जाड थापलेलें लोणी म्हणजे सुखाचे दिवस आल्याची खूणच होती. सायीसकट दूध, लोणी, खारविलेलें मांस आणि उकळलेली कॉफी हा नित्याचा आहार बनला. भाजीपाला हें जनावरांचें खाद्य, अशी कित्येकांची समजूत होती.

या सुबत्तेची किंमत लौकरच द्यावी लागली. अंगापिंडानें भक्कम, दिवसभर कुऱ्हाड चालविणारे लांकूडतोडे चाळिशी-पन्नाशींतच छातींत कळ येऊन कोसळूं लागले. अँसेल कीज हा अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ १९५० नंतरच्या दशकांत या भागांत आला, तेव्हां त्यानें हे लांकूडतोडे चीजच्या जाड तुकड्यावर लोणी फांसून खातांना पाहिले. १९५८ सालीं त्याच्या पुढाकारानें सात देशांतील पुरुषांची पाहणी सुरू झाली. तींत पूर्व फिनलंडमधील पुरुषांचें कोलेस्टेरॉल दर डेसिलिटर रक्तद्रवांत सरासरी २६० मिलिग्रॅमांच्या वर भरलें, तर ग्रीसच्या क्रीट बेटांतील शेतकऱ्यांचें दोनशेंच्या आसपास. गंमत अशी कीं, दोन्हींकडील लोक स्निग्ध पदार्थ भरपूरच खात असत. क्रीटमध्यें तें ऑलिव्हचें तेल होतें. फिनलंडमध्यें तें लोणी व दुधाची साय होती. हृदयरोगानें होणाऱ्या मृत्यूंत मात्र दोहोंमध्यें जमीनअस्मानाचें अंतर होतें.

१९७० च्या सुमारास उत्तर कारेलियांत पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दर लाख पुरुषांत वर्षाला सहाशेंहून अधिक जण या रोगानें मरत होते. बाप नाहीं, अशीं घरें गांवोगांव दिसूं लागलीं. अखेर जानेवारी १९७१ मध्यें प्रांताचा राज्यपाल, पार्लमेंटांतील प्रतिनिधि आणि स्थानिक पुढारी यांनीं सह्या करून सरकारकडे अर्ज धाडला कीं, आम्हांस या संकटांतून सोडवा. या चळवळीचा आरंभ लोकांच्या मागणीनें झाला, ही गोष्ट विसरतां कामा नये. वरून लादलेला उपदेश लोक ऐकून सोडून देतात. आपण होऊन मागितलेल्या मदतीचा मान राखतात.

१९७२ सालीं काम सुरू झालें. त्याची सूत्रें पेक्का पुस्का या डॉक्टराच्या हातीं आलीं. त्याचें वय तेव्हां तीसही नव्हतें. प्रांताची लोकसंख्या सुमारें एक लाख ऐशीं हजार. एवढ्या लोकांना एकेकटें गांठून उपदेश करणें अशक्य होतें, आणि नुसता उपदेश निष्फळ ठरतो हेंही पुस्का जाणून होता. जेथून अन्न येतें आणि जेथें तें शिजतें, तीं ठिकाणेंच बदलावयाचीं, असा त्यानें निश्चय केला.

फिनलंडमध्यें मार्था नांवाची गृहिणींची एक जुनी संघटना आहे. तिची स्थापना १८९९ सालची. तिच्या स्त्रिया गांवोगांव ‘दीर्घायुष्याच्या मेजवान्या’ भरवूं लागल्या. प्रथम लहानसें भाषण होई, मग कमी चरबीचें, अधिक भाज्यांचें रस्सेदार जेवण सर्वांसमक्ष शिजवून सर्वांना वाढलें जाई. नवें अन्न बेचव नसतें, हें पटविण्याचा याहून सोपा मार्ग कोणता? गांवांतील ज्यांच्या शब्दाला मान, अशा शेंकडों व्यक्तींना शिकवून तयार करण्यांत आलें. स्थानिक कारखान्यानें सॉसेजमधील चरबीचा कांहीं भाग काढून तेथें अळंबीं घातलीं, आणि भट्टीवाल्यांनीं पावांतील मीठ कमी केलें. पुढें खेडीं एकमेकांशीं कोलेस्टेरॉल उतरविण्याच्या शर्यती लावूं लागलीं.

विरोध झाला नाहीं असें नाहीं. हा दूधदुभत्याचाच प्रांत. लोण्याविरुद्ध बोलणें म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देण्यासारखें होतें. दूधधंद्यांतील मंडळी खवळली, आणि त्यांचा राग अगदींच अनाठायीं नव्हता. तेव्हां तोड अशी निघाली कीं, त्या थंड मुलखांत येणाऱ्या मोहरीवर्गीय गळिताचें तेल काढावें, आणि ज्यांना जमेल त्यांनीं गाईंऐवजीं रानमेव्याचीं पिकें घ्यावींत. स्ट्रॉबेरी आणि निळीं जंगली बोरें यांच्या लागवडीस व विक्रीस १९८० नंतरच्या दशकांत खास उत्तेजन देण्यांत आलें. शेतकऱ्याला दुसरें उत्पन्न दाखविल्यावांचून त्याचें पहिलें उत्पन्न हिरावूं नये, हें साधें तत्त्व तेथें पाळलें गेलें.

परिणाम काय झाला? आरंभीं दहांपैकीं आठनऊ जण पावाला लोणीच लावीत; पुढें तें लोणी थोड्याच घरांत राहिलें. उकळलेल्या कॉफींतील तेलकट अंश कोलेस्टेरॉल वाढवितो. तिच्या जागीं कागदांतून गाळलेली कॉफी आली, हेंही लाभाचें ठरलें. तंबाखू ओढणाऱ्या पुरुषांचें प्रमाण निम्म्याहून अधिक होतें, तें २००७ पर्यंत तिसऱ्या हिश्शाच्याही खालीं आलें. पुरुषांचें सरासरी कोलेस्टेरॉल चाळीस वर्षांत सुमारें २६५ वरून २१० च्या आसपास उतरलें. आणि पस्तीस ते चौसष्ट या वयांत हृदयरोगानें होणारे मृत्यु २०१२ पर्यंत पुरुषांत शेंकडा ८२ व स्त्रियांत शेंकडा ८४ इतके घटले. कोलेस्टेरॉल उतरविणारीं स्टॅटिन औषधें १९८७ सालीं प्रथम बाजारांत आलीं. तोंवर ही उतरण सुरू होऊन दीड दशक लोटलें होतें.

येथें टीकाकारांचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. तुलनेसाठीं शेजारचा कुओपिओ प्रांत निवडला होता. तेथेंही थोड्याच वर्षांत मृत्यु घटूं लागले. मग श्रेय या चळवळीला कसें द्यावें, असा प्रश्न विद्वानांनीं उपस्थित केला. तो रास्त आहे. मात्र चांगली चाल सरहद्दीवर थांबत नाहीं. वर्तमानपत्रें आणि नभोवाणी यांनीं कारेलियाची वार्ता देशभर नेली होती, आणि १९७७ पासून हें कार्य राष्ट्रव्यापी झालें. संशोधकांनीं मागाहून केलेल्या हिशेबांत मृत्यूंतील घटीचा सुमारें दोनतृतीयांश वांटा कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि तंबाखू या तिघांच्या घटीस दिला आहे, आणि त्यांतही कोलेस्टेरॉलचा वांटा सर्वांत मोठा. उरलेल्या भागाचें श्रेय अर्थात् उपचारांसही आहे.

आतां आपल्या घरांकडे पाहूं. फिनलंडचें ताट आपलें नव्हे. परंतु त्यांतील न्याय आपणांसही लागू आहे. पहिली गोष्ट अशी कीं, एक पदार्थ काढला तर त्याच्या जागीं काय येतें, याला महत्त्व आहे. आपल्याकडे कित्येक घरांत तुपाच्या जागीं वनस्पति तूप आलें. तेल घट्ट करण्याच्या क्रियेंत त्यांत ट्रान्स नांवाचीं स्निग्ध द्रव्यें उत्पन्न होत, आणि तीं लोण्याहूनही अधिक घातक ठरलीं. म्हणूनच जानेवारी २०२२ पासून भारतांत त्यांवर शेंकडा दोनची मर्यादा आली. दुसरी गोष्ट कोंड्याची. जव, ओट, डाळी व कडधान्यें यांतील विरघळणारा चोथा आंतड्यांतील पित्ताम्लें बांधून बाहेर नेतो. नवें पित्त करण्यासाठीं यकृत रक्तांतलें कोलेस्टेरॉल खर्च करतें. त्या दृष्टीनें आपली उसळ आणि आमटी या गरीब वस्तु नव्हेत. तिसरी गोष्ट रोजच्या चालण्याची आणि तंबाखू सोडण्याची. त्यावांचून आहाराचें काम अर्धेंच राहतें. मात्र कांहीं कुळांत जन्मतःच यकृतावरील ते आंकडे अपुरे किंवा सदोष असतात. अशांना केवळ पथ्यानें भागत नाहीं, आणि ज्यांना डॉक्टरांनीं औषध दिलें आहे त्यांनीं तें आपल्या मनानें सोडूं नये.

या कथेला आणखी एक पुरवणी आहे. २००७ नंतरच्या पांच वर्षांत फिनलंडमध्यें कोलेस्टेरॉल पुन्हां थोडें वर चढलें. लोण्याची आवड नव्या रूपानें परतली होती. ज्यांनीं तरुण बापांच्या प्रेतयात्रा पाहिल्या, ती पिढी वृद्ध झाली होती, आणि नव्या पिढीला ती भीति ठाऊक नव्हती. घरांतील ताटाचा हिशेब प्रत्येक पिढीला नव्यानें मांडावा लागतो. आणि तो मांडतांना ज्या बाजारांतून अन्न येतें आणि ज्या पंगतींत आपण बसतों, त्यांनाही बरोबर घ्यावें लागतें. एका माणसाच्या पथ्याला घरानें हातभार लावला तर तें टिकतें, आणि घराच्या पथ्याला गांवानें लावला तर तें रूढ होतें. उत्तर कारेलियानें हें करून दाखविलें. आपल्या घरीं त्याचा आरंभ आजच्या रात्रीच्या जेवणापासूनही होऊं शकतो.