झाकली मूठ आणि उघडी वही

श्रोते हो, बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी आधी दात बघतो, खूर बघतो, दहा पावले चालवून बघतो आणि मगच कनवटीला हात घालतो. पण घरातले माणूस आजारी पडले, तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये न्यायची वेळ आली, की आपण काय बघतो? दारावरची पाटी बघतो. पाहुण्याने सांगितलेले नाव धरून जातो. फार तर फरशी लखलखीत आहे की नाही एवढे पाहतो. ‘इथून घरी गेलेल्या रोग्यांचे पुढे काय झाले?’ हा प्रश्न काही आपल्या ओठांवर येत नाही. हाच प्रश्न जन्मभर विचारणाऱ्या एका शस्त्रवैद्याची हकिगत आज ऐकू या.

त्याच्याही आधी एका बाईंनी इस्पितळाची परीक्षा आकड्यांनी केली होती. त्या म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ च्या नोव्हेंबरात, त्या तुर्कस्थानातल्या स्कुतारीच्या लष्करी इस्पितळात दाखल झाल्या. १८५५ च्या फेब्रुवारीत तिथे आलेल्या दर शंभर शिपायांमागे सुमारे बेचाळीस जण मरत होते. मार्चमध्ये आरोग्य-समितीचे लोक आले. त्यांनी गटारे धुतली, घाण उपसली, कोंदट दालनांत वारा खेळू दिला. जूनपर्यंत हेच प्रमाण शंभराला दोनच्या आसपास उतरले. मायदेशी परतल्यावर बाईंनी विल्यम फार या आकडेतज्ज्ञाच्या मदतीने तक्ते मांडले आणि दाखवून दिले, की जखमांपेक्षा रोगराईनेच जास्त शिपाई खाल्ले. दिवा घेऊन फिरणाऱ्या नाइटिंगेलबाई आपल्या पाठ्यपुस्तकात आहेत. वही घेऊन बसलेल्या बाई मात्र थोड्यांनाच ठाऊक.

आता आपल्या शस्त्रवैद्याकडे वळू. अर्नेस्ट कॉडमन हे त्याचे नाव. जन्म १८६९ चा, अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातला. शिकत असताना रोग्याला ईथर हुंगवून गुंगी देण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच असे. कॉडमन आणि त्याचा मित्र हार्वे कुशिंग यांनी पैज लावली, की कुणाचा रोगी जास्त सुखरूप राहतो ते बघू. पैज जिंकायची तर नोंद हवी! म्हणून दोघे शस्त्रक्रियेच्या वेळी रोग्याच्या नाडीचे ठोके कागदावर टिपू लागले. तिथून कॉडमनला नोंदीचे जे वेड लागले, ते अखेरपर्यंत सुटले नाही.

त्याचे म्हणणे सरळ होते. प्रत्येक रोग्याचे एक कार्ड ठेवा. त्रास काय होता, निदान काय केले, उपचार कोणता दिला, अडचण काय आली, हे त्यावर लिहा. आणि वर्षभराने त्याच रोग्याला गाठून विचारा, की बाबा, आता कसा आहेस? गुण आला नसेल, तर का आला नाही, तेही लिहा. शिक्षक बंधुभगिनींना हे चटकन पटेल. शाळेची परीक्षा पटावरच्या संख्येने होत नाही, निकालाने होते. कॉडमन इस्पितळाचा निकाल मागत होता.

बॉस्टनच्या मोठ्या इस्पितळात हे कुणाला मानवेना. तिथे बढती मिळायची ती सेवेच्या वर्षांवर. कुणाचे रोगी बरे होतात, यावर नव्हे. तेव्हा १९११ मध्ये कॉडमनने स्वतःचे छोटेसे खाजगी इस्पितळ काढले आणि आपली वही जगापुढे उघडी केली. १९११ ते १९१६ या काळात ३३७ रोगी तिथून घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्याने नोंदल्या आणि छापून प्रसिद्ध केल्या. नुसती चूक म्हणून तो थांबला नाही, तर तिची प्रतवारी लावली. कौशल्य कमी पडले का? निर्णय चुकला का? निदान फसले का? देखभाल किंवा साधने अपुरी पडली का? की रोगच कुणाच्या आवाक्यातला नव्हता?

ही प्रतवारी फार मोलाची आहे, बरं का. नुसते मृत्यूचे आकडे मोजले तर फसगत होते. अवघड रोगी जिथे पाठवले जातात, तिथे मृत्यू जास्तच दिसणार. आणि जो अवघड रोगी दारातूनच परत पाठवतो, त्याची वही कोरी करकरीत राहणार. म्हणून आकड्याशेजारी कारण हवे.

पण आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची! मूठ उघडणाऱ्याचे काय झाले? १९१५ च्या जानेवारीत एका भरसभेत कॉडमनने एक व्यंगचित्र झळकवले. त्यात एक शहामृग वाळूत डोके खुपसून होते आणि त्याची सोन्याची अंडी वैद्य मंडळी गोळा करीत होती. सभेत गदारोळ उडाला. स्थानिक वैद्यक संस्थेतले त्याचे पद गेले, व्यवसाय बसला, पुढे इस्पितळही बंद पडले. १९४० मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाची शिळासुद्धा नव्हती. ती बसली २०१४ मध्ये.

त्याचा विचार मात्र मेला नाही. अमेरिकेतल्या शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालयाने इस्पितळांसाठी किमान कसोट्या ठरवल्या. वैद्य लायक हवेत, त्यांनी ठराविक काळाने एकत्र बसून कामाचा आढावा घ्यावा, प्रत्येक रोग्याची पुरी नोंद असावी, प्रयोगशाळा आणि क्ष-किरणाची सोय असावी. १९१८ मध्ये शंभर किंवा अधिक खाटांची ६९२ इस्पितळे तपासली. किती उतरली असतील? फक्त ८९! नापास झालेल्यांत नामांकित इस्पितळेही होती. १९१९ मध्ये ही यादी जाहीर व्हायच्या आदल्या रात्री न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या भट्टीत जाळून टाकण्यात आली. मूठ पुन्हा झाकली गेली. कसोट्या मात्र टिकल्या. १९५० पर्यंत तीन हजारांहून अधिक इस्पितळे त्यांना उतरली होती.

आपल्याकडे काय? मुंबई राज्याने १९४९ मध्ये नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला. नोंदणीचा दाखला दर्शनी भागात लावावा, हे त्यात आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही समोर लावणे बंधनकारक केले. हे उत्तमच झाले. पण दाखला म्हणजे दार उघडण्याची परवानगी. आतला निकाल त्यावरून कळत नाही. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा तान्ही बाळे दगावली. सुरक्षितता ही कागदावर नव्हे, रात्री दोन वाजता तपासली जाते.

म्हणून दाखला बघा, पण तिथेच थांबू नका. विचारा: रात्री कोण हजर असते? प्रशिक्षित परिचारिका किती? आग लागली तर रोग्याला कुठून बाहेर काढणार? ही शस्त्रक्रिया वर्षात किती झाल्या आणि त्या रोग्यांचे पुढे काय झाले? घरी जाताना आपले कागद मागून घ्या. आणि प्रश्न विचारताना संकोच धरू नका. चांगल्या वैद्याला अशा प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर वहीत बघून मिळाले तर समाधान माना. नुसते ‘काळजी करू नका’ एवढेच मिळाले, तर मात्र पुन्हा एकदा विचारा.