कपाळामागचा कारभारी

‘डोकें ठिकाणावर नाहीं’ असें आपण सहज बोलून जातों. पण डोक्यांतील ठिकाणें कोणतीं, हें वैद्यकास फार उशिरा कळूं लागलें. त्या शोधाच्या आरंभीं एक लोखंडी पहार आहे.

आपल्या भोरघाटांत रेल्वेचें काम १८५६ सालीं सुरू झालें. खडकास भोंक पाडावें, दारू ठासावी, सुरुंग उडवावा, हीच रीत तत्पूर्वीं अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांतांत चालू होती. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं कॅव्हेंडिश गांवाजवळ फिनिअस गेज नांवाचा २५ वर्षांचा मुकादम दारू ठाशीत असतां ती एकाएकी पेटली. साडेतीन फुटांहून लांब व सव्वातेरा पौंड वजनाची पहार त्याच्या डाव्या गालांतून शिरून टाळूंतून बाहेर पडली. याला आपण कपाळमोक्षच म्हणूं! परंतु गेज बैलगाडींत बसून बिऱ्हाडीं आला आणि डॉक्टरांशीं बोललाही.

डॉ. जॉन हार्लो यांच्या शुश्रूषेनें शरीर सुधारलें. माणूस मात्र पालटला. पूर्वींचा नेमस्त, हिशेबी मुकादम आतां शिवराळ, हट्टी आणि घडोघडीं बेत बदलणारा झाला होता. मालकांनीं त्यास जुन्या जागेवर घेतलें नाहीं. हार्लो यांनीं ही हकीकत सविस्तर छापली ती १८६८ सालीं.

मेंदूच्या या अग्रखंडाचें काम मला मात्र उमगलें तें एका स्वयंपाकावरून. मॉन्ट्रिअलचे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड यांनीं १९२८ सालीं सख्ख्या बहिणीच्या मेंदूंतील गांठ काढतांना उजव्या अग्रखंडाचा मोठा भाग काढला. पुढें तिनें पाहुण्यांस जेवावयास बोलाविलें. सामान तयार होतें, एकेक पदार्थही तिला येत होता. पण आधीं काय चढवावें आणि मागाहून काय, हें जुळेना, व ती रडकुंडीस आली. चार पदार्थ एका वेळीं पानांत आणणें, ज्याला आपण पुरुषमंडळी किरकोळ समजतों, तें याच खंडाचें काम!

सेलूस मुलांना गेजची गोष्ट सांगतांना ‘तो पुढें वाया गेला’ एवढ्यावर मी थांबत असें, आणि वर्गांतील एखाद्या उनाड मुलाकडे पाहतही असें. ती माझी चूक झाली. १८५२ सालीं गेज चिली देशांत गेला व तेथें कित्येक वर्षें घोडे सांभाळून त्यानें प्रवासी गाडी हांकली. सहा घोडे, भरलेली गाडी, अनोळखी भाषा! १८६० सालीं अपस्माराच्या झटक्यांनीं तो सॅन फ्रॅन्सिस्को येथें वारला. त्यापूर्वीं प्रकृति ढासळूं लागेपर्यंत लगाम त्याच्याच हातीं होते.